माझ्या हातच्या खुर्च्या

तीर्थरूप बाबा,
इथूनच तुमच्या पायांवर डोकं ठेवतो.

मी मजेत आहे, आईला सांगा. तिचे गुडघे कसे आहेत?

ज्या स्टेडियममध्ये मी खुर्च्या बसवल्या, तिथलाच बास्केटबॉलचा सामना बघायला साहेबांनी पास दिला. जागा अगदी वरच्या मजल्यावर. चेंडू जाळीत पडला की हजारो माणसं पाय आपटायची आणि पायाखालची फरशी थरथरायची. सगळे उभे राहून ओरडत होते, मी वाकून खुर्च्यांचे बोल्ट चाचपत होतो.

शेजारच्या बाई म्हणाल्या, "काही हरवलं का?"

तुमच्या हातच्या घरांच्या स्लॅबचे टेकू काढताना तुम्ही सगळ्यांना बाहेर पाठवायचात आणि स्वतः हसत खाली उभे राहायचात. बाबा, खरं सांगा, तुमचीही पाचावर धारण बसायची ना?

तुमचाच,
थोरला