जांभळीच्या राईचा चौकोन

बेळगाव,
३ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप जयाआत्यास,
प्रियाचा शि. सा. न. वि. वि.

रवळूअण्णाबरोबर पाठवलेली आमसुलं पोचली. फोनच केला असता, पण तू रेंजसाठी टेकडी चढणार आणि तिथं जमलेलं अर्धं गाव ऐकणार, त्यापेक्षा पत्र बरं.

माझ्या ऑफिसचं काम तुला सांगितलंच आहे. आपल्याकडचा काजू ज्या परदेशी कंपनीला जातो तिची अट आहे, की २०२० नंतर झाडं तोडलेल्या शेतातला माल नको. म्हणून आम्ही उपग्रहानं काढलेले जुने-नवे फोटो शेजारी ठेवून एकेक शेत तपासतो. परवा आपल्या गावाची पाळी आली आणि आपलं शेत लाल, म्हणजे झाडं तोडलेलं, लागलं गं. वरच्या बांधाची आप्पांनी लावलेली जांभळीची राई २०२० मध्ये हिरव्या गोळ्यासारखी दिसते. पुढच्या वर्षी तिथं टक्कल. आप्पा गेल्यापासून मी जितक्यांदा आले, तितक्यांदा वर जळवा आहेत म्हणून तू मला घराजवळच अडवलंस. मला पत्ताच नाही.

एक शेत लाल राहिलं तर सगळ्या गावाचा माल अडतो. राई का गेली, ते महिनाअखेर मला लिहून द्यायचं आहे. लवकर कळव. जीव टांगणीला लागलाय.

तब्येत जप, आणि लोभ नेहमीसारखाच असू दे.
तुझी,
प्रिया

लोंढा टपाल,
९ फेब्रुवारी

चि. प्रियास,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

इतक्या वरनं माझं शेत दिसतंय म्हटल्यावर मी आधी परसात वाळत घातलेली लुगडी आत आणली. शेजारची गुणाबाई म्हणाली, आता न्हाणीवर पण पत्रा घालून घ्या. व्हय, हस तू.

राई वादळात पडली गं. त्या साली मे महिन्यात लई मोठं वादळ झालतं, तुला ठावं हाय. तसंच लिही.

आणि काळजी करू नको. रवळूनं तुझं पत्र ऐकलं, आणि दुसऱ्याच दिवशी रोपांवर घालायची हिरवी जाळी आणून टकलावर अंथरली. वर फांद्या पण टाकल्यात. आता बघ, हिरवं दिसतंय का. एक कोपरा वाऱ्यानं उडतोय, त्यावर दगड ठेवते.

वेळेवर जेवतीस न्हवं? मागल्या खेपेला मनगटं काटकीसारखी दिसली.

लोभ धर, पण सारखी वरनं बघत बसू नको.
तुझी आत्या

बेळगाव,
१५ फेब्रुवारी

तीर्थरूप आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

जाळीचं वाचून मी आणि माझ्या शेजारी बसणारी सौम्या, दोघी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलो. अण्णाला सांग, फोटो त्या वर्षीचेच आहेत. आता काहीही अंथरलं तरी चार वर्षांपूर्वीचं टक्कल झाकलं जाणार नाही.

हसून झाल्यावर मी ते फोटो पुन्हा उघडले. वादळ मेच्या मध्यावर आलं. राई एप्रिलच्या सुरुवातीला आहे आणि मेच्या पहिल्या आठवड्यात नाही. वादळाआधीच गेली ती. तोडून काजू लावला असतास तर मला समजलं असतं, पण त्या जागेत तू अजून काहीच लावलेलं नाहीस.

आत्या, आप्पा एप्रिलअखेर गेले. मी इथं खोलीत कोरोनाच्या तापानं पडले होते. तू टेकडीवरून फोन केलास आणि म्हणालीस, नदीकाठी सगळं रीतसर झालं. त्यानंतर मी विचारलं नाही, तू सांगितलं नाहीस. आता दुसऱ्यांची शेतं तपासता तपासता माझा हात आपल्याच शेताच्या चौकोनावर जातो. मोठा करावा तर फोटो फुटतो, नुसते रंगाचे ठिपके उरतात.

वादळ लिहिलं तर शेत सुटेल, कारण वादळाला कुणी जाब विचारत नाही. मी ते लिहिलंही होतं, मग पुसलं. तुला अडचण आली असेल आणि तू झाडं विकली असशील, तर मी रागावणार नाही. पण काय झालं ते सांग.

लोभातलं अंतर वाढू देऊ नकोस.
तुझी,
प्रिया

लोंढा टपाल,
२१ फेब्रुवारी

चि. प्रियास,
आशीर्वाद.

दोनदा लिहून फाडलं. आता एका दमात लिहिते.

त्या एप्रिलात गावात एकामागून एक माणसं गेली. पहिली रवळूची आई, मालुबाई. खांद्याला माणूस येईना, कुणाकडं वाळलेलं लाकूड उरलं न्हवतं. तुझ्या बापानं, आप्पानं, कुऱ्हाड काढली. राईतल्या जांभळी पाडल्या आणि म्हणाला, इथंच करू, नदीपर्यंत न्यायची ताकद कुणात न्हाय. मी म्हटलं, अरे, तुझ्या हातानं लावलेली झाडं रं ती. तर म्हणाला, म्हणून तर मीच पाडतोय, दुसऱ्याला कशाला लावू? मग नागोजी गेला, मग आणखी दोघं. शेवटाला आप्पानंच अंथरूण धरलं. उरलेल्या जांभळी त्याच्यासाठी रवळूनं पाडल्या.

ओलं लाकूड पेटंना गं. गवऱ्या घातल्या, करवंट्या घातल्या. तुझ्या खोलीचं दार कुठं गेलं म्हणून तू विचारलीस तेव्हा मी वाळवी लागली म्हटलं. ते तिथं गेलं. तरी सगळं व्हायला दुसऱ्या दिवसाची दुपार झाली. तापात पडलेल्या पोरीला हे कसं सांगायचं? म्हणून नदी म्हटलं, आणि मग ती नदी तशीच राहिली.

त्या जागेत मला काही पेरवत न्हाय. जांभळाच्या बिया टाकते, बकऱ्या रोपं खातात. दोन तेवढी कमरेइतकी झाल्यात.

हे पत्र रवळूला वाचून दाखवलं. माल अडला तर त्याचाही अडणार, म्हणून विचारलं, वादळच राहू दे का? तर म्हणाला, आक्का, माझी आई वादळात न्हाय गेली, पोरीला खरं लिहू दे. जाळी त्यानं गुंडाळून नेली.

लोभ हाय तेवढा ठेव, आता जास्त मागायला तोंड न्हाय.
तुझी आत्या

बेळगाव,
२८ फेब्रुवारी

तीर्थरूप आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र ऑफिसच्या जिन्यात उभं राहून वाचलं. खाली-वर जाणाऱ्यांना वाट द्यायचंही भान राहिलं नाही.

कारण निवडायला शेती, रस्ता, आग, वादळ एवढेच पर्याय आहेत. शेवटी 'इतर' असतं. तिथं मी तू सांगितलंस तेवढं लिहिलं, तू कळवलेल्या नावांसकट. खाली लिहिलं, की हे शेत माझ्या घरचं आहे, निकाल मी देणार नाही. तो आता सौम्या देईल. ती म्हणते, तिथं शेती केलेली नाही, त्यामुळे कदाचित सुटेल, पण माणसानं जाऊन बघायला हवं. तोवर गावाचा माल थांबला. रवळूअण्णाला सांग, शिव्या माझ्यासाठी राखून ठेव.

पाहणीचा माणूस १२ मार्चला, बुधवारी येईल. मी त्याआधी रविवारी, ९ तारखेला येते. लोंढ्याला उतरते, अण्णाला गाडी घेऊन पाठव. जळवांचं कारण या वेळी चालणार नाही. ऐन उन्हाळ्यात जळवा नसतात, एवढं मला कळतं.

दार जिथं गेलं ती जागा, कमरेइतकी झालेली रोपं, सगळं मला बघायचं आहे. आमच्या फोटोत एक ठिपका दहा मीटरांचा असतो. राईचे ते तपकिरी ठिपके मी बोटानं चाचपडून बघितले. त्यातल्या कुठल्यात आप्पा आहेत, ते मला समजलं नाही. तू मला तिथं नेऊन उभी कर.

रविवारपर्यंत लोभ राखून ठेव; आल्यावर हक्कानं घेईन.
तुझी,
प्रिया