देवामागचं दार

बाबा, तुम्ही गेल्यावर घर भावाकडे गेलं आणि तुमचा संशयी स्वभाव माझ्याकडे आला. वाटणीत मीच फसले. नगरपालिकेत ओव्हरसियर होतात तेव्हा कुणी चहा पाजायला निघाला की तुम्ही आधी विचारायचात, "बांधकाम कुठं काढलंय?" घरीही तेच. एका दिवाळीत आईनं मागच्या दारापाशी तांदळाचं पिंप आणून ठेवलं, तर तुम्ही फराळाचं ताट तसंच टाकून उठलात. "भायेर जायचं दार हाय ते, कोठार न्हाय," म्हणत एकट्यानं ते पिंप ओढत नेलंत. आई कढईपुढं बसून पुटपुटली, "ह्यांना घरात पण इन्स्पेक्शन लागतं." मी तेव्हा हसले होते. आता मी हॉटेलांची आतली सजावट करते, आणि कुठंही गेले की आधी मागचं दार उघडून बघते. माझे सुतार माझ्यामागे काय बोलतात ते मला ठाऊक आहे.

अलीकडेच किहीमला एका जुन्या हॉलचं रेस्टॉरंट करून दिलं. नवं छत, भिंतींना प्लाय, एसी. मंजूर नकाशात मागच्या भिंतीला एक दार आहे, आग लागली तर बाहेर पडण्यासाठी. सगळं नकाशाप्रमाणे झालंय अशी सही मी दिल्याशिवाय अग्निशमनचा दाखला मिळत नाही. सहीआधी शेवटचं बघायला जाते, तर दार दिसतच नाही. तिथं संगमरवरी देवघर, आत गणपती, पुढं समई तेवतेय. मी दुसऱ्या कामावर असताना मालकांनी भटजी बोलावून प्राणप्रतिष्ठाही उरकून घेतलेली. "वास्तुवाले बोलले, नैऋत्येच्या दारातून लक्ष्मी जाते," मालक म्हणाले. हात जोडलेले, डोळे मिटलेले. पण एक डोळा किलकिला होता असं मला अजून वाटतं. बसवलेला देव हलवा, असं म्हणायची छाती कुठल्या साहेबाला होईल? ती श्रद्धा होती की शक्कल, हे मला आजही ठरवता येत नाही.

आचारी म्हसळ्याकडचा, सरळ माणूस. त्याला बाजूला घेऊन विचारलं, रात्री आत कोण असतं? "आमी समदी आतच झोपतो, ताई. शेट शटरला भायेरनं कुलूप लावून जातात. चोरांची भीती." पुढं कुलूप, मागं देव, आणि मध्ये मीच लावून दिलेला प्लाय, पेटायला एक ठिणगी पुरे.

सही देणार नाही, असं मी तोंडावर सांगितलं. मालक तापले. "मॅडम, देव हाय तो. हिंमत असंल तर तुमीच उचला." मी म्हटलं, भटजींनाच विचारू. भटजी पानाला चुना लावत म्हणाले, "पूजा करून हलवता येतो की. देवाला पूर्वेची भिंत काय वाईट आहे?" मग मालकांचा नाइलाज झाला. देव पूर्वेला गेला, देवघर सुटं करून काढलं, आणि मागच्या मोकळ्या झालेल्या दाराला आतून ढकललं की उघडणारी कडी मी समोर उभं राहून बसवून घेतली. आचारी दारातून बाहेर गेला, आत आला, पुन्हा गेला, आणि मला रडूच आलं. सही मी तेव्हा केली.

निघताना मालक गाडीपर्यंत आले. "तुमचे बाबा नगरपालिकेत ओव्हरसियर होते ना, त्यांनी येवढं ताणलं नव्हतं. तिथल्या आमच्या जुन्या खानावळीत देव असाच मागच्या दारात होता. त्यांनी बघितला, नमस्कार केला, नि सही करून गेले."

ती खानावळ कधीच पाडली, विचारावं असं कुणी उरलेलं नाही. हरलेला माणूस डिवचायला काहीही बोलतो, हे मला कळतं. तरी सांगा ना बाबा, केला होतात का नमस्कार? त्या खानावळीत आत कोण झोपायचं? पत्र लिहून झालं, आता फाडेन किंवा ठेवून देईन, टाकायचं तर कुठं? एवढंच सांगते. त्या माणसाच्या जोडलेल्या हातांवर माझा काही केल्या विश्वास बसला नाही. तुमच्याबद्दल तो बोलला, त्यावर मात्र लगेच बसला.