काडीचं पहिलं वाक्य

३ फेब्रुवारी

ती. स्व. आत्यास,
सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला माझी भीती ओरडून सांगता येत नाही, म्हणून हे पत्र. स्टाफरूममध्ये बसून लिहितेय. समोर उत्तरपत्रिकांचा ढीग आहे आणि चहावर साय धरलीय.

माझी विद्यार्थिनी काडी तुला आठवत असेल. शिडशिडीत, सदा घाबरलेली, रस्त्यांवरच्या दिव्यांना लागलेली कोळ्यांची जाळी बघत हिंडणारी. तिला पीएचडीच्या मुलाखतीचं बोलावणं आलंय! मी अशी किंचाळले की शिपाईमामा पळत आले. पण तिच्या वडिलांनी बजावलंय, यंदा झालं तर झालं, नाहीतर पुस्तकं गुंडाळून काकाच्या दुकानात बसायचं. मुलाखत तिची आणि झोप उडालीय माझी.

अर्जासोबत तिने पाठवलेल्या निवेदनाची प्रत जोडतेय. मी अगदी बारकाईनं तपासून दिलंय. तू जन्मभर अशा मुलाखती घेतल्यास, टिकेल का ते खरं सांग.

तुझा लोभ आहेच, या महिन्यात जरा जास्तच लागेल.

तुझी,
ठकू

८ फेब्रुवारी

चि. ठकूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

गुडघा बरा आहे. विचारलं नाहीस, तरी सांगते.

निवेदन वाचलं. सुरेख आहे, आणि खोट तिथंच आहे. अगं, ते तुझं आहे! ‘कृत्रिम प्रकाशाचे कीटकजीवनावरील बहुआयामी परिणाम’ असं कुठली कोवळी पोर बोलते? तू बोलतेस, तेही पाहुणे आले की.

मुलाखतीत पहिलं काय करतात सांगू? निवेदनातलं एखादं वाक्य वाचून दाखवतात आणि म्हणजे काय, असं विचारतात. वाक्य उसनं असेल तर लगेच उघडं पडतं. मग मुलगी कितीही हुशार असो, तिचं काही खरं नसतं. तिला समोर बसव आणि कोळीच का, एवढंच विचार. ती बोलताना मधे तोंड घालू नकोस. हे तुला जड जाईल, ठाऊक आहे.

जपून राहा, आणि चहा गरम असताना पी.

तुझी,
आत्या

१३ फेब्रुवारी

ती. स्व. आत्यास,
सा. न. वि. वि.

घोळ झालाय, आत्या.

काडीला प्रयोगशाळेत बसवून विचारलं. तिने माझी वाक्यं घडाघडा म्हटली, मधेच अडकली आणि माझ्याकडे बघत राहिली. पुढचं मी सांगेन म्हणून वाट बघत होती गं! मी म्हटलं, बाई, तुझ्या मनातलं सांग. तर खाली मान घालून म्हणाली, की मॅडम, मनातलं तुम्ही खोडलंत.

तिचा पहिला कच्चा मसुदा शोधून काढला. पहिलंच वाक्य आहे, मला कोळ्यांची भीती वाटते. त्यावर माझी लाल रेघ, आणि शेजारी माझंच अक्षर, असं लिहायचं नसतं. आत्या, पुढचं मी तेव्हा धड वाचलंसुद्धा नव्हतं.

आता तेच बोल म्हटलं, तर ती आणखीच घाबरली. अर्जात एक आणि तोंडात भलतंच, मला लबाड ठरवतील म्हणते. ठरवतील का गं? अर्ज तर आता बदलता येत नाही. माझ्या हौसेपायी पोर दुकानात जाऊन बसायची. लगेच लिही.

रागावलीस तरी चालेल, अंतर देऊ नकोस.

तुझी,
ठकू

१७ फेब्रुवारी

चि. ठकूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुला खोटा धीर देणार नाही. एखादा खडूस माणूस समोर असला, तर तिला लबाड म्हणेलही. मलाही भीती वाटतेय. पण पाठ केलेलं बोलली तर संधी हमखास जाणार. म्हणून तिने सरळ सांगावं, की भाषा बाईंनी सुधारली, काम माझं आहे, कामाबद्दल काय वाटेल ते विचारा.

तिला स्टेशनवर सोडायला जाशीलच. गाडी हलताना शेवटची एक सूचना द्यायला तुझी जीभ वळवळेल. नीट जा, एवढंच म्हण आणि घरी ये.

माझा जीव तुम्हा दोघींत अडकलाय, काय होईल ते कळव.

तुझी,
आत्या

२ मार्च

ती. स्व. आत्यास,
सा. न. वि. वि.

नीट जा, एवढंच म्हटलं. त्यासाठी ओठ चावावे लागले.

तू म्हणालीस तस्संच झालं. मुलाखत घेणाऱ्यांतल्या मधल्या बाईंनी ते बहुआयामीवालं वाक्य वाचलं. काडीने सरळ सांगून टाकलं, की भाषा आमच्या मॅडमची, काम माझं. बाईंनी कागद बाजूला ठेवला. काडीला वाटलं, आटोपला कारभार. मग बाईंनी विचारलं, की तुझं वाक्य काय होतं?

काडी म्हणाली, मला कोळ्यांची भीती वाटते. लहानपणी जाळं कुठे आहे ते पाहिल्याशिवाय मी खोलीत पाऊल टाकायची नाही. रोज पाहून पाहून लक्षात आलं, की दिवा हलवला की काही दिवसांत जाळंही हलतं. त्यावर त्यांनी तिला खडू देऊन फळ्यापाशी उभं केलं आणि पुढच्या उमेदवाराला ताटकळत ठेवलं.

आज यादी लागली. काडीचं नाव आहे, आत्या! मी स्टाफरूममध्ये चक्क रडले. संध्याकाळी तिचे वडील आले, दारातच घुटमळले आणि त्यांनी एवढंच विचारलं, की तिथल्या होस्टेलात कोळी नाहीत ना.

जाताना काडीने तिचा पहिला लेख वाचायला दिला. मग घाबरत घाबरत माझ्या टेबलावरचं लाल पेन उचललं आणि दप्तरात टाकलं. म्हणाली, लेख वाचून झाला की परत देते.

तो लेख समोर आहे. पहिल्याच ओळीत काहीतरी खटकतंय. हात शिवशिवताहेत आणि कपाटात दुसरं लाल पेन आहे. मला फार भीती वाटतेय.

दोन दिवस राहायला ये, आणि येशील तोवर तुझा लोभ टपालानं पाठव.

तुझी,
ठकू