वेगळ्या खोलीचा शोध

टॅमरॅक लेक, मिनेसोटा
एप्रिल संपता संपता

तीर्थस्वरूप आर्डिसताईंना वॉलीचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग हा लिहिण्यापुरता. गुडघा वाकत नाही आणि वाकलाच तर सरळ करायला दुसरा माणूस लागतो, हे तुम्ही नाताळात पाहिलंच आहे.) तुमची कंबर कशी आहे? डुलुथला मोठ्या तळ्यावरचा वारा अजून बोचत असेल, कानाला बांधून हिंडत जा. मांजर बरं आहे ना? इकडे सगळे खुशाल, असं लिहायला घेतलं आणि पेन थांबलं, कारण 'सगळे' म्हणजे हल्ली मी आणि फ्रीज. फ्रीज खुशाल आहे. लव्हॉन मार्चात चार दिवस म्हणून तुमच्याकडे आली ती अजून तिथंच आहे, त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. बहिणीबहिणींचं असतं. मी लिहितोय ते तुमच्या रूबार्बच्या मुरंब्याची कृती मागायला. अंगणात रूबार्बचे लाल कोंब डोकं वर काढताहेत आणि त्यांचं पुढं काय करायचं ते मला कळत नाही.

आता विषय निघालाच आहे (निघाला नाही, पण समजा निघाला), तर माझी बायको माझं घर सोडून तुमच्याकडे का आली हे तिनं तुम्हाला सांगितलं नसणार. ती कुठली सांगतेय! तुमच्या घराण्यात दात दुखला तरी हवापाण्याबद्दल बोलतात. म्हणून माझी बाजू कळवतो. खरं तर ती माझी बाजू नाहीच, संशोधनाची आहे.

तुम्हाला ठाऊक आहे, मी जन्मभर रस्त्यावरचा बर्फ काढायचा ट्रक चालवला. वरून हुकूम यायचा, आज अमुक रस्ता, मीठ इतकं, वाळू इतकी, आणि मी निमूट तेवढंच करायचो. निवृत्त झालो आणि काय करायचं ते सांगणारंच कुणी उरलं नाही. (लव्हॉन सांगायची, पण तिच्या सांगण्यात टक्केवारी नसायची.) अशा वेळी पेपरात आरोग्याचं पान यायला लागलं. कुठल्या कुठल्या विद्यापीठांत हुशार माणसं उंदरांना आणि माणसांना काय काय करायला लावतात आणि मग निष्कर्ष काढतात. मला फार बरं वाटलं हो. आपल्यासाठी कुणीतरी एवढा विचार करतंय आणि आपण नुसतं पाळायचं!

मग मी पाळायला लागलो. एका पायावर उभं राहून दात घासले की तोल शाबूत राहतो, असं आलं होतं. रोज न्हाणीघराच्या खिडकीपाशी एका पायावर उभा राहून गोठलेल्या तळ्याकडे बघत दात घासायचो. बघता बघता अशी तंद्री लागायची की आपण उजव्या पायावर आहोत की डाव्या हेच विसरायला व्हायचं, आणि ते पाहायला खाली वाकलं की मी टबात. टबाचा पडदा तेव्हाच फाटलाय. मग आलं की सकाळचं ऊन अंगावर घेतलं की रात्री झोप छान लागते. मी कडाक्याच्या थंडीत बंडी घालून अंगणात, तोंड पूर्वेकडे, डोळे मिटून. शेजारचा गॉर्डी कुंपणापलीकडून म्हणाला, "वॉली, तिनं किल्ली दिली नाही का रे?" मी त्याला समजावून सांगितलं. तो म्हणाला, "वेगळंच आहे." आमच्या गावात याहून वाईट शिवी नाही, ताई, तुम्हाला माहीतच आहे. घास सावकाश चावावा असं वाचल्यापासून ओव्हनमधून काढलेली बटाट्याची हॉटडिश निवेपर्यंत माझा पहिला घास चाललेला असायचा, आणि लव्हॉन समोर भांडी आवरून, हात पुसून, लोकरीचं विणकाम काढून बसलेली असायची. पण एक शब्द बोलली नाही. कॉफी एका आठवड्यात हृदयाला चांगली होती आणि पुढच्या आठवड्यात वाईट. तेव्हा मात्र तिनं किटली माझ्यासमोर आदळली आणि म्हणाली, "या आठवड्यात काय आहे ते सांग, म्हणजे ओतते."

आणि मग फेब्रुवारीत ते आलं. ज्या नवराबायकोंच्या झोपायच्या खोल्या वेगळ्या असतात त्यांना झोप गाढ लागते आणि त्यांचा संसार जास्त सुखाचा होतो. सोबत एका हसऱ्या जोडप्याचा फोटो होता, दोघं दोन दारांत उभी. खाली लिहिलं होतं की निर्णय जोडीदाराशी मोकळेपणानं बोलून घ्यावा. मी बोललो. न्याहारीला मोकळेपणानं सांगितलं की लव्हॉन, तू शिवणाच्या खोलीत झोपत जा, मी इथं झोपतो, दोघांच्या भल्याचं आहे. वर हेही सांगितलं की तुझ्या घोरण्यानं माझ्या झोपेचे तुकडे पडतात असं मला आजवर वाटलं नव्हतं, पण संशोधनाप्रमाणे पडतच असणार. ती म्हणाली, "बरं." मी विचारलं, तुझी काही हरकत? ती म्हणाली, "नाही. तुला तसं हवं असेल तर."

ताई, बाहेरच्या कुणाला हे सांगितलं तर तो म्हणेल, मग काय, तिनं होकार दिला की! पण मी इथं जन्मलो, इथं वाढलो, चाळीसेक वर्षं संसार केला. 'तुला तसं हवं असेल तर' याचा अर्थ मला कळायला नको होता का? पण पेपरात लिहिलं होतं की जोडीदाराची हरकत नसल्यास, आणि तिची हरकत नव्हती. मी स्वतः तिची उशी शिवणाच्या खोलीत नेऊन ठेवली. वरून थोपटलीसुद्धा. थोडे दिवस ती तिथं झोपली आणि मग एका सकाळी बॅग भरून म्हणाली, "वेगळं झोपणं एवढं चांगलं असेल, तर आणखी थोडं वेगळं झोपून बघते." ती गेली, ओव्हनमध्ये माझ्यासाठी ॲपल पाय भाजून ठेवून. म्हणजे ती रागावली नव्हती असंही म्हणता येईल. (म्हणता येत नाही. मी प्रयत्न केला.)

झोप गाढ लागायला हवी होती. दोन्ही खोल्या माझ्याच होत्या. मी आलटून पालटून दोन्हीकडे झोपून पाहिलं. घर इतकं शांत की फ्रीजचा श्वास ऐकू यायचा. पुन्हा पान उघडलं. त्यात होतं की खोली थंड हवी, काळोखी हवी, रस्त्याच्या आवाजापासून लांब हवी. अशी खोली माझ्याकडे होतीच की! तळ्यावरची, बर्फाला भोक पाडून मासे धरायची झोपडी. बर्फावर उभी, चारी बाजूंनी प्लायवूड, आत एक बाकडं. झोपडीत रात्री माणूस नसेल तर मार्चाच्या मध्यानंतर ती बर्फावर ठेवता येत नाही. मी तर तिथंच झोपणार होतो, म्हणजे नियमानं सगळं चोख. शेगडीसुद्धा पेटवली नाही, संशोधनात थंड म्हटलंय म्हणून.

आणि ताई, झोप लागली. काय झोप लागली म्हणून सांगू! आडवा झालो की खालचा बर्फ बोलायला लागायचा. तुम्ही तळ्याकाठच्याच, तुम्हाला तो आवाज माहीत आहे. लांबून कुठून तरी एक हुंकार निघतो, झोपडीच्या खालून सरपटत जातो, मध्येच थांबतो, तो थांबला म्हणून आपणही श्वास धरून बसावं, आणि मग तो एक मोठा उसासा टाकून पुन्हा सुरू होतो. ते ऐकत ऐकत मी कुठल्या कुठं जायचो. स्वप्नात मी ट्रक चालवतोय, पुढं बर्फच बर्फ, रस्ता असा नाहीच, मी जाईन तो रस्ता, शेजारच्या सीटवर थर्मास आणि थर्मासपलीकडे कुणीतरी बसलंय, ते कोण हे बघायची गरज वाटत नाही. जागा व्हायचो तेव्हा प्लायवूडच्या फटीतून निळसर उजेड आलेला असायचा आणि मला काही काळ माझं वय आठवत नसे. मला वाटलं, संशोधन खरं ठरलं. दिवसाही जायला लागलो. दुपारच्या डुलकीनं स्मरणशक्ती वाढते असंही मध्येच कधीतरी आलं होतं.

आता त्या दिवशीचं सांगतो, कारण ते डुलुथपर्यंत पोचलं असेलच, आणि पोचताना त्यात एखादं अस्वल घुसलं असेल. अस्वल नव्हतं. आमच्या अग्निशमन दलाची पैज दर वर्षी असते, तळ्यावरचा बर्फ कुठल्या दिवशी फुटणार याची. जिंकणाऱ्याला खारवलेला हॅम. बर्फावर एक मोडका सोफा ठेवतात आणि तो बुडाला की बर्फ फुटला. यंदा सोफ्याकडे कुणी बघेना. सगळ्यांनी माझ्या झोपडीवर पैजा लावल्या. मला हे ठाऊक नव्हतं. दुकानात लोक अचानक माझ्या तब्येतीची चौकशी करू लागले होते, त्याचंही मला कौतुकच वाटलं.

दुपारी दक्षिणेकडून उबदार वारा सुटला आणि मी झोपलो होतो. गाव काठावर जमलं. खुर्च्या आणल्या, कॉफी आणली, चर्चच्या बायकांनी लिंबाच्या वड्या आणल्या. काठापाशी काळी भेग पडली, रुंद होत गेली, आणि बर्फाचा भलामोठा तुकडा माझ्या झोपडीसकट सावकाश तळ्याच्या मध्याकडे निघाला. आणि एवढ्या माणसांतून एकानं हाक मारली नाही! नंतर गॉर्डीला धारेवर धरलं, तर म्हणाला, "अरे, माणूस झोपलेला. उगाच ओरडायचं म्हणजे बरं दिसत नाही."

मी जागा झालो तो हलण्यानं नाही, की गारठ्यानंही नाही. आवाज थांबला म्हणून जागा झालो. खालच्या बर्फाचं घोरणं थांबलं होतं. मी डोळे न उघडता हात बाजूला टाकला आणि म्हणालो, "लव्हॉन, कुशीवर वळ ना जरा," आणि हात प्लायवूडवर आपटला. तेव्हा माझ्या टाळक्यात प्रकाश पडला की इतके दिवस मी कशाच्या आधारानं झोपत होतो. थंडीमुळे नाही, काळोखामुळे नाही. मी दार उघडलं. चहूकडे पाणी, उन्हानं चमचम करणारं, आणि इतकी शांतता की मला रडूच आलं. गावकऱ्यांना वाटलं असेल घाबरून रडतोय. घाबरलो नव्हतो, ताई. मला बायकोची आठवण येत होती.

गॉर्डी ॲल्युमिनियमची होडी घेऊन आला. म्हणाला, "काय वॉली, कुठं निघालास?"

"झोपलो होतो."

"हो, दिसलं. लागली का चांगली?"

मी म्हटलं, लागली होती. त्यानं मला होडीत घेतलं, थर्मासमधली कॉफी दिली. (या आठवड्यात ती चांगली आहे की वाईट हे मी विचारलं नाही.) झोपडी दोन दिवसांनी पलीकडच्या काठाला लागली, सोफा अजून शोधताहेत, आणि हॅम गॉर्डीच्या बायकोला मिळाला. आता तळं मोकळं झालंय. रात्री लाटा काठाला लागतात, पण त्या सगळ्या सारख्याच. मध्येच थांबत नाहीत, उसासा टाकत नाहीत. मी छताकडे बघत पडतो. आरोग्याचं पान चुलीत घालतो. निदान घालायचं ठरवलंय, कारण या आठवड्यात अक्रोडांबद्दल काहीतरी आहे.

मांजराला माझ्या वतीनं गोंजारा. मुरंब्याची कृती तेवढी कळवावी.

आपला नम्र,
वॉली सुंडक्विस्ट

ता. क. मुरंबा मला आवडत नाही. कधीच आवडला नाही. लव्हॉनला परत पाठवा.

ता. क. दुसरा. पाठवा म्हणजे तिला तसं वाटलं तर. तिला वाटत नसलं तरी विचारून बघा. मला विचारायला जमत नाही. दोनदा फोन केला आणि दोन्ही वेळा आम्ही हवापाण्याबद्दल बोललो. शिवणाच्या खोलीत मी आता शिवणाचं यंत्र परत नेऊन ठेवलंय, तिथं आता माणूस मावत नाही.

ता. क. तिसरा. टपालाला वेळ लागतो म्हणून पत्र मीच घेऊन आलो. तुमच्या घरासमोर माझ्या पिकअप ट्रकमध्ये बसलोय. पत्र पेटीत टाकून गुपचूप परत जायचा बेत होता, पण तुमच्या दर्शनी खोलीची खिडकी उघडी आहे आणि तिची दुपारच्या झोपेची वेळ आहे, आणि आतून आवाज येतोय. थोडा वेळ ऐकतो आणि निघतो.

ता. क. चौथा. झोप लागली होती. जागा झालो तर पत्र मांडीवरून डॅशबोर्डवर गेलेलं, आणि वर जिथं घोरण्याचं लिहिलंय तिथं कडेला तिच्या अक्षरात, 'मी घोरत नाही.' ती शेजारच्या सीटवर आहे. बॅग मागं आहे. बूट काढून, डोकं काचेला टेकवून झोपली आहे, आणि जे लिहिलंय ते खोटं पाडते आहे. ताई, तुम्ही दारात कॉफीचे कप घेऊन उभ्या आहात ते मला दिसतंय. कृपा करून काचेवर टकटक करू नका.