मंदावलेल्या ताऱ्याविषयी एक आक्षेप

प्रिय अरुण,

पत्राच्या आरंभी तुला ‘चिरंजीव’ लिहिण्याची माझी सवय. आज तो शब्द वगळला आहे. जे खरे उरले नाही, ते मी लिहीत नाही.

लिहिण्याचे कारण असे, की वारणानगरच्या कॉलेजातले तुझे सहकारी काल घरी आले होते. तुझा लेख त्यांना छापायचा आहे. त्याचे दोन खर्डे आहेत: एकात तो मंदावलेला तारा आहे, दुसऱ्यात नाही. कोणता छापावा, हे त्यांनी मला विचारले. भौतिकशास्त्राच्या माणसाने, तर्कशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या बाईला! कारण तो तारा तू माझ्या आक्षेपामुळे काढलास, असे तूच त्यांना सांगितले होतेस ना?

तुझे म्हणणे मला नीट आठवते. एका प्रचंड ताऱ्यातून सतत वायूचा वारा बाहेर वाहत असतो, आणि त्याच्याभोवती फिरणारा न्यूट्रॉन तारा त्या वाऱ्यातला वायू ओढून घेतो. तो वायू पृष्ठभागावर आदळला की क्ष-किरण उसळतात. ते कधी भडकतात, कधी जवळजवळ विझतात. सायबर कॅफेत बसून उतरवून घेतलेल्या उपग्रहाच्या नोंदींत तुला असेच एक विझणे सापडले. तू म्हणालास, वारा सलग नसतो, गोळ्यागोळ्यांनी येतो. दोन गोळ्यांमधल्या पोकळीत ताऱ्याला खायलाच मिळाले नाही.

मी विचारले, तारा उपाशी राहिला, की मध्ये वायूचा पडदा आला?

“पडदा असता तर कमी ऊर्जेचे किरण जास्त अडले असते, आक्का. इथं सगळेच सारखे घसरलेत की!”

“पडदा अतिशय दाट असेल तर?”

“वकील परवडला! तो निदान जेवायला तरी सुटतो.”

रंकाळ्याला कोणत्या रस्त्याने जाणे जवळचे, यावर तू अख्खी मे महिन्याची सुट्टी माझ्याशी भांडला होतास. आणि या दिवाळीत? चहा निवायच्या आत म्हणालास, “बरं. काढतो ते.” तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती.

काल सुनंदाला खोदून विचारले. तुझी बायको आधी नजर चुकवत राहिली, मग म्हणाली, “वन्सं, फार दिवस उरले नाहीत, असं त्यांना डॉक्टरांनी गणपतीच्या आधीच सांगितलं होतं. आक्काला कळलं तर ती माझ्याशी भांडायची थांबेल, म्हणाले.”

मग तूच का थांबलास? दमला होतास? पुन्हा निरीक्षणे तपासायला वेळ उरला नव्हता? की मला जिंकू देऊन निघून जायचे होते? या तिसऱ्या शक्यतेचा मला सर्वांत दाट संशय आहे, कारण तीच तुला शोभते.

काहीही असो, आजारी माणसाचा होकार हा पुरावा नव्हे. माझा आक्षेप बरोबर असेल, तर तो स्वतःच्या बळावर उभा राहील. तुझ्या मायेचा टेकू त्याला नको.

म्हणून शब्द देते: पहिलाच खर्डा छापला जाईल. तुझा दावा तुझ्या नावाने, आणि त्याखाली माझा आक्षेप माझ्या नावाने. तुझ्या बाजूने उत्तर द्यायला कोणी पुढे आले, तर त्याच्याशी मी मनसोक्त भांडेन. त्याला मात्र इतक्या सहज सुटू देणार नाही.

अजून न पटलेली,
तुझी आक्का
कोल्हापूर