सुती फुगतं

माय, परवा परभणीत साडीच्या दुकानात तू बोललीस. आवाज भावजयीचा होता, शब्द मात्र जसेच्या तसे तुझे. "वन्सं, सुती नका घेऊ, फुगतंय ते. तुमाला गडद रंगाचं बघू काहीतरी." तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तुझी भांडी गेली, तुझी लुगडी गेली, पण हे एक वाक्य घरात अजून धडधाकट आहे. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. भावजयीला काय बोलणार, ती तुझ्याकडूनच शिकली. म्हणून तुलाच सुनावायला बसले आहे.

उद्या तुझ्या थोरल्या नातीची हळद आहे. सगळ्या बायकांनी एकसारख्या पिवळ्या साड्या नेसायच्या अशी आता पद्धत निघालीय. जॉर्जेटच्या, तयार ब्लाउजसकट. माझ्या मापाचा ब्लाउज त्यांच्यात नव्हता. दुकानदार सगळ्या गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, "मॅडम, तुमच्या साइजमधी येतच न्हाई. ही चॉकलेटी शिफॉन घ्या. अंगाला चिकटून बसतंय, माणूस बारीक दिसतंय." मी काय बारीक दिसायला गेले होते? मी साडी घ्यायला गेले होते. शाळेत पोरं शिकवून केस पिकले माझे, नवरीची मी एकुलती एक आत्या, आणि तो मला लपवायला कापड काढून दाखवतोय!

लपवायचं तर तू फार आधीपासून सुरू केलंस. गावाकडं, झरीच्या घरात वेचणीचा कापूस पुढच्या खोलीत आढ्याला टेकायचा. आम्ही भावंडं त्यात लोळायचो, अंगभर तंतू घेऊन जेवायला बसायचो. सगळं शिवार कापसाचं, बाबांचं धोतर सुती, तुझं लुगडं सुती, आणि माझ्या एकटीच्या अंगावर टेरिकॉट. शिंप्याकडे मी माप द्यायला उभी आहे आणि तू शेजारी. तो बिचारा म्हणतोय, "बाई, लेकरू वाढायलंय, जरा ढिल्लं ठेवतो." आणि तू म्हणतेस, "ढिल्लं नको, कसून शिव. ढिल्ल्यात पोतं दिसतंय." मी आठवीत होते, माय. परभणीच्या उन्हाळ्यात ते कापड घालून बघायचं होतंस एकदा. दंडावर बाहीचे वळ उठायचे, पाठ घामोळ्यांनी भरायची, मांड्या घासून सोलवटायच्या, आणि फाकून चालले की त्यावरूनही बोलणी. संध्याकाळी तूच मला पालथी झोपवून पाठीला मुलतानी माती लावायचीस. "कसली आग झाली गं माझ्या लेकराला," म्हणायचीस. हात किती गार होता तुझा. आणि सकाळी पुन्हा तोच झंपर पुढ्यात ठेवायचीस. ती आग कशानं होते हे तुला कळत नव्हतं असं मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगितलं. आता नाही सांगत.

आणि तो बघण्याचा कार्यक्रम. भर मे महिना, लाइट गेलेली, गंगाखेडचे पाहुणे बसलेले. तू मला चॉकलेटी नायलॉन नेसवली होतीस, जागोजागी पिना टोचून, आत झंपर इतका तंग की श्वास अर्धाच जायचा. पोह्यांचा ट्रे ठेवला आणि डोळ्यांपुढं अंधारी आली. मी तिथंच मटकन बसले. पाहुण्यांतली एक बाई म्हणाली, "पोरीला झटके येतेत काय वो?" पाहुणे उठून गेले. मला वाटलं, आता तू पाणी देशील, निदान पिना तरी काढशील. तू म्हणालीस, "पदर सरकला तुझा. दंड उघडा पडला. आता येतोय बघ नकार." दंड! माणूस चक्कर येऊन पडलंय आणि तुला दंड दिसला. लग्न काय, पुढं झालंच, आणि त्या माणसानं माझ्या दंडाची कधी चौकशी केली नाही. तुला लोकांची भीती होती, तेवढं मला कळतं. पण लोक मला जाड म्हणतील म्हणून तू आधीच म्हणून घेतलंस. रोज, न चुकता. लोकांना कधी इतका वेळ नव्हता गं.

तुझं ऐकून मी नोकरीतही कितीतरी वर्षं तसलंच नेसत राहिले. शाळेच्या गावी, चुडाव्याला गाडीतून उतरले की पाठ ओली, आणि शाळेत पोहोचेपर्यंत मांड्यांना आग. मग एका उन्हाळ्यात वैतागून सुती साड्या घेतल्या, आतून गुडघ्यापर्यंतची सुती चड्डी शिवून घेतली, गळा रुंद केला, बाही सैल केली. आणि काय सांगू, आरशात जी बाई दिसली ती चांगली दिसत होती. बारीक नाही, चांगली. बारीक काठ घे म्हणायचीस ना? माझ्या अंगावर हातभर काठच शोभतो, माझ्याकडे तेवढी जागा आहे.

तर परवा मी दुकानदाराला वरच्या फळीवरची हळदी रंगाची सुती साडी काढायला लावली, लाल रुंद काठाची. खांद्यावर टाकली. तुझी नात टाळ्या पिटत म्हणाली, "आत्या, लय भारी दिसायलीस!" भावजय म्हणाली, "सगळ्यांत तुमीच येगळ्या दिसताल." मी म्हटलं, "मी तशीही वेगळीच दिसते, निदान गार तरी राहीन." ती पुटपुटली, "फुगतंय पण ते." मी म्हटलं, "फुगू दे!" सगळ्या दुकानानं ऐकलं. वाटलं, तुझ्यापर्यंतही गेलं असेल.

आता दुपार झालीय. रंग जाऊ नये म्हणून मिठाच्या पाण्यातून काढलेली साडी वाळून दांडीवर आहे. बाबांच्या धोतराला तू करायचीस तशी साबुदाण्याची खळ केली. खळीशिवाय सुती साडीचा लोळागोळा होतो, हेही तूच शिकवलेलं. लिहायला बसले तेव्हा पातेल्यातून वाफ येत होती, आता वर साय धरलीय. मघाशी भावजयीचा फोन आला, खळ झाली का म्हणून. मी सांगितलं, खळ मानेला टोचते, तशीच नेसेन. हे पत्र कुठं जायचं नाही, तेव्हा तुला खरं सांगायला हरकत नाही. मानेला काही टोचत नाही, माय. खळीनं साडी फुगते. एवढं दुकान डोक्यावर घेऊन आले, आणि पातेल्याला हात लावायचा धीर होत नाहीये. साडी अजून कोरडीच आहे.