घडी मोडलेला रुमाल

ती. आई,
तुझ्या पायांवर डोकं ठेवलंय, तू उठवेपर्यंत उठणार नाही.

मी सुखरूप उतरले. हातपाय जागेवर आहेत, नाक तेवढं सोललंय. बाबांचा गुडघा कसा आहे?

युद्धात ज्यांच्यावर बलात्कार झाले, त्या बायकांच्या उपचारांसाठी आम्ही हा डोंगर चढलो. देणग्याही भरपूर जमल्या. निघताना त्या बायकांनी एका रुमालावर आपापली नावं टाक्यांनी भरून दिली होती. त्यांच्यातल्या शिवणवाल्या मावशी म्हणाल्या, "घडी मोडू नकोस गं. तशीच माथ्यावर दगडाखाली ठेव. कुणी वाचायला नको, आम्हाला फक्त वर पोचायचंय."

माथ्यावर मला आनंदानं भान राहिलं नाही. मी रुमाल उलगडला, झेंड्यासारखा धरला आणि फोटो काढून घेतला. तो फोटो नावांसकट सगळ्या देणगीदारांना गेला. काढून टाका म्हणून हातापाया पडले, पण सुटलेला बाण परत येतो का?

काल मावशींची माफी मागायला गेले. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी चहा दिला आणि विचारलं, "वर फार थंडी होती का?"

आई, तो फोटो तुलाही पाठवलाय. तू बैठकीत लावला असशील, येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत असशील. आजच उतरव. मी त्यात कितीही छान हसत असले तरी.

तुझी,
धाकटी